सिंगापूर: जो हाक मारतो त्याच्याकडे जेवू नका

आधी बिल सांगते, मग बाकीचं.

चिली क्रॅब, एक नग, १ किलो ३०० ग्रॅम: १४०.४० डॉलर. त्यात बुडवून खायचे तळलेले पाव: ६. कलमी भाजी, म्हणजे नाल्याकाठी उगवते तशी पालेभाजी, लसणीवर परतलेली: १८. तीन वाट्या भात: ४.५०. चहा, जो आम्ही मागवलाच नव्हता पण किटली आली, माणशी २ प्रमाणे: ६. बसल्या बसल्या समोर ठेवलेले शेंगदाणे: ५. हात पुसायचे ओले रुमाल, तीन: १.५०. बेरीज १८१.४०. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, आणि त्या एकूण रकमेवर ९ टक्के जीएसटी. हाती आलेला आकडा २१७.५०. सिंगापूर डॉलर तेव्हा पासष्ट ते सत्तर रुपयांच्या दरम्यान होता. साडेचौदा हजार. तीन माणसं, त्यातल्या एक माळकरी सासूबाई, ज्यांनी फक्त भात खाल्ला, कारण भाजीत लसूण होती.

हॉटेल पाण्याकाठचं. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पद्धत ओळखता आली की पुरे. दारात हसऱ्या चेहऱ्याचा माणूस हातात मेनूकार्ड घेऊन उभा असतो. तुम्ही चालत असता, तो चार पावलं तुमच्याबरोबर चालतो. ‘इंडिया? मुंबई?’ खेकड्याचा भाव विचारला की ‘टेन एटी’ म्हणतो. कार्डावर १०.८० च्या पुढे मुंगीच्या अक्षरात १०० ग्रॅम लिहिलेलं असतं, ते तो बोलत नाही. कायद्यानं त्याचं काही चुकत नाही, कारण लिहिलेलं आहे. पण वजन तुमच्यासमोर होत नाही आणि किती मोठा खेकडा येणार ते आत ठरतं. चव? नवरा वेंगुर्ल्याचा, कुर्ल्यांवर वाढलेला. त्याचं मत: मसाला गोड, टोमॅटोचा, अंड्याचा, वाईट नाही, कुर्ली चांगली भरलेली. तिथे बहुतेकदा श्रीलंकेहून आलेला चिखलातला खेकडा वापरतात, म्हणजे आपल्या खाडीतल्या काळ्या कुर्लीचाच भाऊ. भावाला भेटायला साडेचौदा हजार मोजायचे का, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझा निकाल: नाही. खायचाच असेल तर तीन प्रश्न आधी विचारा. शंभर ग्रॅमचा भाव काय, हा खेकडा किती वजनाचा, आणि सगळं धरून किती होईल. आकडा कागदावर लिहून घ्या. शेंगदाणे आणि रुमाल आल्याबरोबर ‘नको’ म्हणून परत करा, बिलातून काढतात. मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली की मनातल्या मनात वीस टक्के वाढवा.

आता तुम्ही म्हणाल, हॉकर सेंटरला, म्हणजे एका छताखाली खाण्याचे अनेक स्टॉल असतात तिथे, जायचं ना. जायचंच. पण ‘हॉकर सेंटर म्हणजे स्वस्त’ हे सरसकट सांगणाऱ्यांचाही मला राग आहे. २००९ मध्ये न्यूटनच्या हॉकर सेंटरमधल्या एका स्टॉलनं परदेशी पाहुण्यांना आठ टायगर कोळंब्यांचे २३९ डॉलर लावले होते. तिथे एवढा गवगवा झाला की सरकारनं तो स्टॉल काही काळ बंद ठेवायला लावला. म्हणजे छत तेच, खुर्च्या त्याच, पण मासळीचा भाव वजनावर गेला आणि कुणीतरी तुम्हाला हाताला धरून बसवलं की खेळ पाण्याकाठचाच. म्हणून माझा एकच नियम आहे. ज्या स्टॉलवर ताटाची किंमत पाटीवर लिहिलेली आहे आणि आतला माणूस तुमच्याकडे बघतही नाही, तिथे रांगेत उभं राहा. जो हाक मारतो त्याला नमस्कार करून पुढे जा. अपवाद एक: पेयं विकणारे मामा-मावशी टेबलाशी येऊन विचारतात, ते रीतसर आहे, त्यांना पैसे लगेच द्यायचे.

ही सेंटरं सत्तरच्या दशकात सरकारनं बांधायला घेतली. रस्त्यावरच्या हातगाड्या उचलून नळ, गटार आणि छप्पर असलेल्या जागेत बसवल्या. आज शंभरावर आहेत, आणि २०२० मध्ये युनेस्कोनं ही सगळी खाद्यसंस्कृती वारशाच्या यादीत घातली. आपल्याला त्याचा अर्थ इतकाच की शहरात कुठेही असा, मेट्रोच्या एखाद-दुसऱ्या स्टेशनावर चार ते सहा डॉलरात पोट भरतं. हॉटेलच्या नाश्त्याचे वेगळे पैसे भरू नका. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याकडे काया टोस्ट (नारळ-अंड्याचा गोड मुरंबा आणि लोण्याची जाड कापटी), दोन अर्धीकच्ची अंडी आणि कॉफी सहा-सात डॉलरात होतं. नुसतं ‘कॉफी’ म्हणून मागू नका. ‘कोपी’ म्हणा, कंडेन्स्ड दुधाची येते. ‘कोपी ओ’ काळी पण साखरेची. ‘कोसोंग’ जोडलंत तर साखर नाही. चहाला ‘ते’, आणि आल्याचा हवा असेल तर ‘ते हालिया’. हा शेवटचा सासूबाईंना इतका आवडला की रोज दोनदा झाला.

सासूबाईंचं प्रकरण सविस्तर लिहिते, कारण निघण्याआधी सगळ्यांनी आम्हाला याच बाबतीत घाबरवलं. टूरवाल्यानं तर स्पष्ट सांगितलं होतं, ‘काकू, तिथे तुमचं काही होणार नाही, ठेपले आणि उपम्याची पाकिटं घ्या.’ अर्धी बॅग पाकिटांनी भरली. धादांत चुकीचा सल्ला. सासूबाई माळकरी, मांस-मासे सोडाच, कांदा-लसूणही खात नाहीत. आणि सिंगापुरात नेमकं हेच व्रत पाळणारे चिनी बौद्ध लोक भरपूर आहेत. त्यांच्या शाकाहारी स्टॉलवर बहुतेक ठिकाणी कांदा-लसूण मुळातच घालत नाहीत. आपल्या उत्तर भारतीय ‘प्युअर व्हेज’ हॉटेलात कांद्याशिवायची भाजी मागितली की वेटर तोंड वाकडं करतो. इथे मागावीच लागत नाही.

जागा सांगते. बुगिस स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर वॉटर्लू स्ट्रीट. तिथे क्वान इम देवीचं मोठं चिनी देऊळ आणि त्याला लागूनच श्रीकृष्णाचं देऊळ. चिनी बायका इकडून उदबत्त्या लावून तिकडे कृष्णापुढेही हात जोडतात. सासूबाईंनी तिथे अर्धा तास काढला. देवळाजवळ मिडल रोडवर फॉर्च्युन सेंटर नावाची जुनाट इमारत आहे, बाहेरून बघितलीत तर आत जाणार नाही. जा. खालच्या मजल्यांवर शाकाहारी खानावळी आहेत. भात किंवा शेवया घ्यायच्या आणि काचेमागच्या भाज्यांकडे बोट दाखवायचं. तीन भाज्या आणि भात साधारण पाच डॉलर. दोन सूचना. एक, अंडं चालत नसेल तर ‘नो एग’ वेगळं सांगा, त्यांच्या शाकाहारात काही ठिकाणी अंडं बसतं. दोन, ताटात डुकराचं मांस, मासा, कोंबडीचा पाय असं काहीही दिसेल, ते सोयाबीन आणि गव्हाच्या चिकाचं असतं. सासूबाई पहिल्यांदा ताट घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ‘खायचं नाही तर तसं करून कशाला ठेवायचं?’ आणि भाज्याच घेतल्या. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, बरेच लोक उपासासारखं शाकाहारी खातात. त्या दिवशी गर्दी दुप्पट असते, लवकर जा.

शाकाहाऱ्यांनी बाकी स्टॉलवर फसू नये म्हणून: लाक्सा नारळाच्या रस्श्याचा असला तरी त्यात सुकी कोळंबी वाटलेली असते. सांबल नावाच्या लाल चटणीत बहुधा आपल्या जवळ्यासारखं कोळंबीचं आंबवलेलं वाटण असतं. ‘चार क्वे तिआव’ आणि ‘होक्किएन मी’ हे शेवयांचे प्रकार डुकराच्या चरबीत परततात. ‘नो मीट’ म्हटलं की वरचे तुकडे काढतात, चरबी तिथेच राहते.

मांसाहाऱ्यांना तर मजाच आहे, पण वेळ सांभाळा. आमचा सगळ्यात वाईट दिवस यानंच गेला. सोमवार, दुपारी अडीच, चायनाटाउन. सासूबाईंना हॉटेलवर झोपवून आम्ही दोघं नामांकित कोंबडी-भात खायला निघालो. ऊन असं की छत्रीखालीही घाम कानामागून वाहतो, आणि हवेत जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या मुंबईची चिकचिक. एका सेंटरवर पोचलो, हवा तो स्टॉल सोमवारी बंद. तिथून चायनाटाउन कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर गेलो. दोनशेच्या वर स्टॉल, देशातलं सगळ्यात मोठं सेंटर, आणि निम्म्यांची शटरं खाली. कुणी सोमवारी सुट्टी घेतो, कुणाचं भांडं दोनला रिकामं होतं, की तो पंखा बंद करून घरी जातो. हे लोक पहाटेपासून राबतात, त्यांना दोष नाही. दोष ‘दिवसभर कधीही जा’ असं लिहिणाऱ्यांचा. शेवटी एका आजींनी कोंबडीचा शेवटचा पाव भाग भातावर कापून दिला, पाच डॉलर, वर आल्याची चटणी. नवरा काहीच बोलला नाही, म्हणजे उत्तम होतं.

तर वेळापत्रक लिहून ठेवा. दुपारचं जेवण सव्वाअकराला. बारा ते दीड ऑफिसवाले तुटून पडतात, दोननंतर शटरं. ऑफिसच्या भागातली सेंटरं, उदाहरणार्थ अमॉय स्ट्रीट, शनिवार-रविवारी जवळजवळ मेलेली असतात. सेरंगून गार्डन्सकडचं चॉम्प चॉम्प सेंटर उलट, ते संध्याकाळीच जागं होतं. शिवाय प्रत्येक सेंटर दर काही महिन्यांनी साफसफाईसाठी बंद ठेवतात, त्या तारखा आधी जाहीर होतात. लांब जाणार असाल तर बघून निघा.

मॅक्सवेलच्या हॉकर सेंटरला सकाळी गेलात तर गर्दी नसते आणि आता मेट्रोचं मॅक्सवेल स्टेशन अगदी दारात आहे. लिटल इंडिया स्टेशनला लागून टेक्का सेंटर: बिर्याणी, डोसा, पराठ्यासारखा रोटी प्राटा पातळ रस्श्याबरोबर. शेजारीच मासळीबाजार. तिथे सुरमई-पापलेट बघत नवऱ्यानं इतका वेळ लावला की बिर्याणीची रांग दुप्पट झाली. सेरंगून रोडवर १९४७ पासूनचं कोमला विलास आहे, दाक्षिणात्य शाकाहारी, हॉकरपेक्षा थोडं महाग पण बसायला नीट. त्याच भागात दारात मेनू घेऊन उभे असलेले ‘नमस्ते’वाले भेटतील. नियम आठवा. ‘लाउ पा सात’ या सेंटरची लोखंडी खांबांची जुनी इमारत बघण्यासारखी आहे, संध्याकाळी शेजारचा रस्ता बंद करून साते (काडीला टोचलेले मांसाचे तुकडे) भाजतात. काड्या किमान दहा घ्याव्या लागतात. ते मोठा ‘सेट’ गळ्यात मारू बघतात, दहाच मागा. एकदा बघायला ठीक.

बोट दाखवून भाजी-भात घेताना मासा आणि कोळंबीला हात लावण्याआधी भाव विचारा. तीन भाज्यांचे साडेचार झाले असताना एका माशाच्या तुकड्यानं ते नऊवर गेले. मॉलमधल्या वातानुकूलित फूड कोर्टात तेच जेवण दीडपट. उन्हानं जीव गेला असेल तरच.

रोख ठेवा, दोन, पाच, दहाच्या नोटा. आपलं कार्ड बऱ्याच स्टॉलवर चालत नाही. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे, तिथे बसू नका. तुम्हीही तसंच धरा. टिश्यू विकत घेऊन जा, तिथे फुकट मिळत नाहीत. नळाचं पाणी पिण्यालायक आहे, बाटली भरून फिरा, पाण्याला दीड डॉलर देऊ नका. ताट स्वतः उचलून रॅकवर ठेवायचं, २०२१ पासून सक्ती आहे, पहिल्यांदा समज, पुढे ३०० डॉलर दंड. हलाल आणि बाकीच्यांचे रॅक वेगळे असतात, पाटी वाचा. मेट्रोत पाण्याचा घोटही नको, दंड आहे.

सेंटोसा बेट, बागा, प्राणिसंग्रहालय: छान. तिथलं खाणं महाग, पोट भरून जा.

परतीच्या दिवशी चांगीला वेळ असेल तर टर्मिनल १ च्या तळघरातलं कर्मचाऱ्यांचं कॅन्टीन शोधा. बाहेरच्यांनाही खुलं आहे, बाहेरच्यांसाठी भाव थोडा चढा, तरी विमानतळावरच्या बाकी ठिकाणांपेक्षा पुष्कळ कमी. इमिग्रेशनच्या आधी जायचं, आत शिरल्यावर मागे येता येत नाही.