तेलाचा पट्टा अखेर टिकला: मालवणबाहेरची सप्टेंबरअखेरची फेरी

मंडळी, समुद्री पाखरांना बोटीजवळ आणायला पाण्यावर सोडतो तो माशाच्या तेलाचा पट्टा टिकला. साडेनवापर्यंत टिकला, आणि त्यावर विल्सन्स स्टॉर्म-पेट्रेल इतक्या जवळ आल्या की पायाच्या बोटांमधला पिवळा पडदा फोटोत स्वच्छ दिसतोय. पट्टा दर वेळी तुटतो का, या ज्या प्रश्नावर आपण गेल्या हंगामापासून डोकं फोडत होतो, त्याचं उत्तर तेलात नव्हतं आणि मासळीतही नव्हतं. ते होतं बोटीत. म्हणून आज यादी नंतर, आधी ही गोष्ट सविस्तर.

हवामान थोडक्यात: रात्री दोनला मालवण बंदर सोडलं, बोट नेहमीचीच, तीन सिलिंडरची गिलनेटवाली. किनाऱ्याजवळ मतलई वारा होता, पुढे गेल्यावर तो पडला आणि उजाडता उजाडता वायव्येकडून हलका वारा धरला. लाट पश्चिमेची, लांब आणि संथ. तीस वाव खोलीच्या (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पुढे गेल्यावर तांडेलांनी, म्हणजे बोटीच्या प्रमुखांनी, इंजिन बंद केलं. मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीपासून आपण फार लांब होतो. त्या हद्दीत तेलाचा एक थेंबही टाकायचा नाही हा नियम कायम आहे.

आता मूळ दुखणं. पेट्रेल आणि शिअरवॉटर ही समुद्री पाखरं वासावर येतात, हे नव्याने सांगायला नको. चोचीवरच्या नळीसारख्या नाकपुड्यांनी ती माशाच्या तेलाचा वास लांबून टिपतात आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, नागमोडी घेत, वासाच्या उगमाकडे सरकतात. त्यामुळे सलग पट्टा हवा. आपला पट्टा दर वेळी तुटायचा. अर्ध्या तासात पाण्यावर सुटे सुटे चट्टे उरायचे, त्यातला एखादा बोटीपासून पाव मैलावर, आणि पाखरं त्या चट्ट्यावर! दुर्बिणीत काळे ठिपके दिसायचे, कॅमेऱ्यात तेवढेही नाहीत.

उपाय कमी केले नाहीत. तारल्यांची डोकी आणि आतडी वाटून तेलात कालवली, त्याचे डबे गोठवून बर्फाच्या लाद्या केल्या, त्या कांद्याच्या जाळीत भरून मागे टांगल्या. तेल वाढवलं. कुणीतरी सुचवलं म्हणून कुरमुरेही टाकून पाहिले. कुरमुऱ्यांबद्दल माझं मत आता पक्कं आहे: नकोतच. त्याने कुरव आणि सुरय गोळा होतात, गोंधळ घालतात, आणि वासावर येणाऱ्या पाखरांना त्याचा काडीचा उपयोग नाही. गोठवलेल्या लाद्या मात्र चांगल्या. उन्हात हळूहळू सुटतात आणि बोटीवर घाण होत नाही. तेल मासळीच्या पिठाच्या कारखान्यातूनच घ्या. औषधाच्या दुकानातल्या कॉड लिव्हर ऑइलने खिसा रिकामा होतो आणि वास निम्माही नसतो.

गाठ सोडवली तांडेलांनी. मागच्या फेरीत परतताना आम्ही हेच बोलत होतो, तेव्हा ते सुकाणूवरून म्हणाले, “होडी वाऱ्यान जाता, त्याल पाण्यावांगडा जाता. दोगांची गाठ खय पडतली?”

एवढंच. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. पाण्यावरचा तेलाचा पापुद्रा प्रवाहाबरोबर जातो, आणि वर वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्के इतकाच वाऱ्याबरोबर सरकतो. इंजिन बंद केलेली बोट मात्र वाऱ्याला आडवी होते. तिची सगळी उंच बाजू, केबिन, वरचं छप्पर वारा झेलतं आणि ती तेलापेक्षा कितीतरी जोरात वाहत जाते. म्हणजे आपण तेल टाकत होतो आणि त्याच्यापासून पळतही होतो. तेल वाढवून हे सुटणार नव्हतंच. बोट पाण्याला बांधायला हवी होती.

आणि हे कोळ्यांना, गाबितांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. जाळी सोडून रात्रभर पडलेल्या बोटींभोवती पहाटे ‘काळी पाखरां’ नाचतात हे आपण कितीदा ऐकलंय. आपण समजत होतो की ती मासळीच्या वासाने येतात. वास असतोच. पण शेकडो वाव लांब जाळं पाण्यात पसरलेलं असतं, ते बोटीला धरून ठेवतं, आणि धुतलेल्या मासळीचं तेल तिच्या मागे सलग पसरत जातं. जाळं हाच त्या बोटीचा नांगर.

तर आपल्याला तसला पाण्यात तरंगता नांगर हवा होता. पहिला ऑनलाइन मागवला, नरसाळ्याच्या आकाराचा, छान नारिंगी. तो लहान होड्यांसाठीचा निघाला. आपल्या बोटीच्या पहिल्याच हिसक्याला शिवण उसवली. विक्रेत्याच्या पानावर वजनाचा आकडा मोठा लिहिलेला होता, तो कुठून आला देव जाणे. दुसरा घरीच केला: जाड ताडपत्रीचं नरसाळं, तोंडाला लोखंडी सळईचं कडं, शेपटाला हातभर भोक, बाहेरून जुन्या ट्रॉल जाळ्याचं आवरण. कड्यावरून चार दोर निघून एका फिरकीत (फिरत्या कडीत) जमतात, तिथून वीसेक वाव जाड दोर नाळेपर्यंत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत. कड्याला एक बोया, म्हणजे ते फार खोल बुडत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा, शेपटाला बांधलेला बारीक दोर. तो ओढला की नरसाळं उलटं होऊन रिकामं होतं आणि एक माणूस ते सहज वर घेतो. हा दोर विसरू नका. पुढे त्याचंच काम पडलं.

फिरकीवर पैसे वाचवू नका. स्टेनलेसचीच घ्या, बंदरावरच्या जाळीसामानाच्या दुकानात मिळते.

नांगर सोडला आणि मिनिटभरात बोट वळली. नाळ वाऱ्याकडे, लाटेकडे. डावी-उजवीकडचं डोलणं जवळपास थांबलं, राहिलं ते पुढे-मागे हळू उचलणं. याचा विचार मी केलाच नव्हता! आपण सगळे फोटो हलल्याबद्दल लेन्सला, स्टॅबिलायझरला, शटरच्या वेगाला बोल लावत होतो. आडव्या बोटीवर उभं राहून १/३२०० ठेवलं तरी पाखरू चौकटीबाहेर जायचं. आता १/२००० वर निम्म्याहून जास्त फोटो धारदार आहेत. बरोबरच्या दोघांना एरवी गोळी घेऊनही उलट्या व्हायच्या, ते आलेपाक चघळत यादी लिहीत होते.

तेल सोडायला सलाईनची नळी. डबा वर टांगला, चाकीने थेंब जुळवले. तेल गाळून घेतलं होतं म्हणून तुंबलं नाही. पट्टा मागे, आग्नेयेकडे, सावकाश पसरत गेला. त्यावरच्या बारीक लाटा विरल्या आणि पाणी गुळगुळीत दिसू लागलं.

पहिली विल्सन्स सात वाजायच्या आत. मग एकेक करत अकरा, सगळ्या वाऱ्याविरुद्ध, पट्टा धरून. अंटार्क्टिक परिसरात वीण करणारं, चिमणीहून किंचित मोठं पाखरू, वजन जेमतेम ३०-४० ग्रॅम, आणि ते पाय खाली सोडून, पंख उचलून पाण्यावर चालत तुमच्याकडे येतं. चौकोनी शेपटी, तिच्यामागे डोकावणारे पाय, पाठीच्या शेवटी कडेपर्यंत वळलेला पांढरा पट्टा, सगळं एका फोटोत.

आणि त्यांच्यात एक सबंध काळपट. पाठीच्या शेवटी पांढरं काही नाही, शेपटी दुभंगलेली, उडणं जरा मोठं, झेपावल्यासारखं. स्विन्होज स्टॉर्म-पेट्रेल. हाताच्या पिसांच्या (पंखाच्या टोकाकडच्या लांब पिसांच्या) मुळाशी फिकट दांड्या तीन फोटोंत दिसतात, त्यामुळे शंका उरत नाही. हिचं घर जपान, कोरिया, चीन आणि रशियाच्या बेटांवर. दक्षिण टोकाचं आणि पूर्व टोकाचं पाखरू, दोघं आपल्या सिंधुदुर्गाच्या पाण्यात, गाबिताच्या बोटीमागे, एकाच तेलावर. मी दुर्बीण खाली ठेवून नुसता बघत राहिलो.

बाकी यादी: फ्लेश-फूटेड शिअरवॉटर चार, गुलाबी चोच नीट दिसली. पोमरिन जेगर एक, शेपटीची चमच्यासारखी पिसं गळून गेलेली. लाल मानेच्या फॅलरोपचा एक थवा. आणि तरंगत्या थर्माकोलवर बसलेलं ब्रायडल्ड टर्नचं यंदाचं पिल्लू, शेजारी त्याचा पालक. ही जात वेंगुर्ला रॉक्सवर वीण करते, तेव्हा ते तिथलंच असेल असं मानायला मला आवडेल. सगळं ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवलंय.

आता नवी अडचण. वायव्येचा वारा म्हणजे पट्टा आग्नेयेला, आणि सकाळी आठचा सूर्य पूर्वेला. पाखरं येतात ती बोटीच्या मागे, जवळजवळ उन्हाच्या तोंडावर. अर्ध्याअधिक फोटोंत नुसती सावली. स्विन्होजचे ते तीन फोटो मिळाले कारण ती पट्टा संपवून बोटीला वळसा घालून नाळेकडे गेली. हे लिहिता लिहिता सुचतंय: पाखरू पट्ट्याच्या ताज्या टोकापर्यंत येतं. मग ताजं टोक मागे कशाला? तेलात भिजवलेल्या काथ्याची वात नांगराच्या बोयालाच बांधली, तर पट्टा बोटीच्या पुढून सुरू होऊन दोन्ही बाजूंनी मागे जाईल. पाखरं बोटीशेजारून पुढे येतील, आणि नाळेवर बसणाऱ्याच्या पाठीशी सूर्य असेल.

पण थांबा. देवमाशाचं सांगायचं राहिलं, आणि त्यात या विचाराला खोट आहे.

साडेनवाच्या सुमारास आधी आवाज आला. इंजिन बंद असल्यामुळेच आला. डावीकडे फवारा, मग लांब गुळगुळीत पाठ, आणि बऱ्याच मागे विळ्यासारखा कललेला पर. सुरयांचा थवा त्याच्यावर तुटून पडला होता, खाली तारली असणार. दुसऱ्यांदा वर आला तो बराच जवळ, आणि डोक्यावरच्या तीन उभ्या कडा फोटोत आल्या. ब्रायडीज देवमासा! तो रोख बदलून थेट आमच्या नाळेकडे यायला लागला, जिथे आमचा वीस वाव दोर ताणलेला होता.

तांडेलांनी कुणाला विचारलं नाही. बारीक दोर ओढला, नरसाळं उलटं केलं, मोजून दोन मिनिटांत सगळं बोटीवर. बोट आडवी झाली, पट्टा तुटला, पेट्रेल पांगल्या. देवमासा आणखी दोनदा श्वास घेऊन, शेपूट न दाखवता बुडाला, या जातीची रीतच ती. नंतर पट्टा पुन्हा जमला नाही, वारा वाढला होता.

याबद्दल कुणी हळहळू नये असं मला वाटतं. देवमासे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची एकमध्ये आहेत हे खरंच, पण कायदा नसता तरीही दोरात अडकलेला देवमासा ही किंमत कुठल्याही फोटोसाठी द्यायची नाही. आणि या पाण्यात कोण येईल सांगता येत नाही. अरबी समुद्रातले हम्पबॅक अंटार्क्टिककडे न जाता वर्षभर इथेच राहतात आणि फार थोडे उरलेत. १९६६ साली सोव्हिएत बोटींनी त्यांची मोठी कत्तल केली होती. २०१७ मध्ये ओमानजवळ उपग्रह-खूण लावलेली ‘लुबान’ ही मादी समुद्र ओलांडून आपल्या बाजूला आली होती. म्हणून पाठीचा आणि पराचा फोटो प्रत्येक देवमाशाचा काढायचा, दोन्ही बाजूंनी, जात ओळखली तरीही.

तर नियम असा: देवमासा दिसला की नांगर वर, अंतर कितीही असो. आणि मग बोयाला वात बांधण्यात अर्थ नाही, कारण घाईत वात, तेल, दोर सगळं एकात गुंतेल. त्यापेक्षा नाळेवरून वाऱ्याकडे एक लांब बांबू काढायचा, त्याच्या टोकाला काथ्याची वात आणि सलाईनची नळी. पाण्यात जास्तीचा दोर नाही, आणि नांगर उचलला तरी तेल चालूच राहील. ताजं टोक बोयाइतकं पुढे जाणार नाही, पण नाळेच्या पुढे चार-पाच हात मिळाले तरी उजेडाचं काम होईल. बांबू भरीव हवा, पोकळ लाटेत मोडेल. कुडाळला एक जण द्यायला तयार आहे.

पुढची फेरी ऑक्टोबरच्या मध्यात, वारा बघून. विल्सन्स तोवर दक्षिणेकडे निघायला लागतील, त्यामुळे फार उशीर नको. नाळेवर दोनच जण मावतात, पाळी लावू. ८x दुर्बीण आणा, १०x बोटीवर नको. आणि कारवार, गोव्याकडच्या मंडळींनी स्विन्होजचे पंख पसरलेले फोटो असतील तर पाठवा. पिसांच्या त्या फिकट दांड्या किती आतपर्यंत जातात, ते मला शेजारी शेजारी ठेवून बघायचंय.