जनुक जोडायला तीन दिवस, आवकच्या शिक्क्याला चार

खोकं फाटकावर पोचलं शुक्रवारी दुपारी सव्वाचारला. आवक-जावक विभागाची खिडकी बंद होते चारला. शनिवार-रविवार सुट्टी, त्यात सोमवारीही सुट्टी. मंगळवारी अकराच्या सुमारास रजिस्टरात नोंद झाली, शिक्का बसला आणि खोकं प्रयोगशाळेत आलं. महिना मे, मुंबई आपली नेहमीची, पंखा बंद केलेली खोली. आत काय होतं? काँपिटंट पेशींच्या (बाहेरचं डीएनए आत घेण्याजोग्या केलेल्या जिवाणूंच्या) ५० मायक्रोलिटरच्या दहा नळ्या, टी४ लायगेज या डीएनएचे तुकडे सांधणाऱ्या एन्झाइमची एक नळी, तिचं बफर, आणि पॅक करताना भरलेला पाच किलो ड्राय आइस. उघडलं तेव्हा ड्राय आइसचा खडासुद्धा नव्हता. खोक्यावर लाल अक्षरांत ‘मिळताच उणे ८०ला ठेवा’ असं लिहिलेलं होतं. पण नोंद झाल्याशिवाय खोक्याला हात लावायचा नाही हा नियम, आणि नोंद करायला माणूस नाही.

पहिल्यांदाच क्लोनिंग (जनुक जिवाणूत घालून त्याच्या प्रती काढणं) करणाऱ्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. सगळी पुस्तकं एन्झाइमवर लिहितात, आवक खिडकीवर कोणी लिहीत नाही.

काम साधं होतं. हिरवं चमकणाऱ्या जीएफपी प्रथिनाचं जनुक, सुमारे ७२० बेस जोड्या (डीएनएची अक्षरं), पीयूसी१९ या २,६८६ बेस जोड्यांच्या प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या कड्यात, घालायचं आणि ते ई. कोलाय या जिवाणूत सोडायचं. परवानगीची भीती घालणारे पुष्कळ भेटतात. ई. कोलाय के-१२च्या निरुपद्रवी जाती सर्वांत खालच्या जोखीम गटात येतात, आणि अशा कामासाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला ठरलेल्या नमुन्यात कळवलं की पुरतं. जनुकबदल केलेल्या जिवांबाबतचे १९८९चे नियम आणि त्यावरची मार्गदर्शक तत्त्वं एकदा वाचून घ्या, समितीत विचारलं जातं. आमचा तो कागद एका आठवड्यात हातावेगळा झाला.

पीसीआर, म्हणजे जनुकाच्या प्रती काढणं, तेही पहिल्या फेरीत आलं. प्रायमरच्या (जिथून प्रत सुरू होते त्या छोट्या डीएनए तुकड्याच्या) टोकाला कापणाऱ्या एन्झाइमची जागा जोडताना तिच्यापुढे पाच-सहा जादा अक्षरं ठेवा, कारण डीएनएच्या अगदी काठावर एन्झाइमला पकड मिळत नाही. आमची कापणारी एन्झाइमं दोन, हिंड-थ्री आणि ईको-आर-वन. हिंड-थ्री याबाबतीत जास्त नखरेल. जनुकाच्या पोटात याच एन्झाइमची जागा नाही ना, हेही आधी पाहा. आणि पीयूसी१९मध्ये लॅक प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) हिंड-थ्रीच्या बाजूला असतो, म्हणून जनुकाची सुरुवात हिंड-थ्रीच्या टोकाला यायला हवी. पीयूसी१८मध्ये हेच उलटं असतं. फ्रीझरमध्ये दोन्हींच्या नळ्या शेजारीशेजारी ठेवणाऱ्यांनी लेबल दोनदा वाचावं.

कापण्याचं गणित: १ मायक्रोग्रॅम प्लाझ्मिड, २० मायक्रोलिटरची अभिक्रिया, ३७ अंशांवर एक तास. दोन्ही एन्झाइम मिळून २ मायक्रोलिटरच्या वर जाऊ देऊ नका. एन्झाइम ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये येतं, आणि अभिक्रियेत ग्लिसरॉल ५ टक्क्यांच्या वर गेलं की एन्झाइम नको तिथेही कापायला लागतं. जेलमधून (यात डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे होतात) तुकडा कापताना ३६५ नॅनोमीटरचा दिवा वापरा आणि काही सेकंदांत उरका. छोट्या तरंगलांबीच्या दिव्याखाली मिनिटभर न्याहाळत बसलात, तर डीएनएतली शेजारची थायमिन अक्षरं एकमेकांना चिकटतात आणि पुढे कॉलन्या (प्लेटवर उगवणारे जिवाणूंचे ठिपके) का येत नाहीत याचा पत्ता लागत नाही.

जोडणीत ५० नॅनोग्रॅम प्लाझ्मिड घेतलं. जनुकाचे रेणू तिप्पट हवे असतात, वजन नव्हे. म्हणून ५० गुणिले ७२० भागिले २,६८६ गुणिले ३, म्हणजे सुमारे ४० नॅनोग्रॅम. एकूण २० मायक्रोलिटर, त्यात १० पट बफर २ मायक्रोलिटर, लायगेज १ मायक्रोलिटर, १६ अंशांवर रात्रभर.

इथवर सगळं सुरळीत. मग मंगळवारच्या खोक्यातल्या पेशी वापरल्या आणि प्लेट कोरी.

कोरी प्लेट स्वतःहून काहीच सांगत नाही. ती बोलावी म्हणून शेजारी चार प्लेट लागतात, आणि घाईत लोक नेमक्या त्याच गाळतात. प्लेटमध्ये अँपिसिलिन हे प्रतिजैविक असतं, प्लाझ्मिड घेतलेला जिवाणूच त्यात तगतो. पहिलीवर डीएनए न घातलेल्या पेशी: इथे काही उगवलं तर अँपिसिलिन मेलेलं. दुसरीवर न कापलेलं पीयूसी१९, मोजून १०० पिकोग्रॅम: यावरून पेशींचा जोर कळतो. तिसरीवर कापलेलं प्लाझ्मिड, लायगेजशिवाय: इथल्या कॉलन्या म्हणजे नीट न कापलेला माल. चौथीवर फक्त ईको-आर-वनने कापलेलं प्लाझ्मिड आणि लायगेज: ते पुन्हा स्वतःशीच जुळून भरपूर निळ्या कॉलन्या यायला हव्यात (रिकाम्या प्लाझ्मिडच्या कॉलन्या निळ्या, जनुक बसलेल्याच्या पांढऱ्या).

आमचा निकाल असा. पहिली कोरी, म्हणजे अँपिसिलिन ठीक. तिसरी कोरी, म्हणजे कापणी ठीक. चौथीही कोरी. आणि दुसरीवर सहा कॉलन्या. १,००० मायक्रोलिटरपैकी १०० पसरले होते, म्हणजे प्लेटवर १० पिकोग्रॅम डीएनए. सहा भागिले ०.००००१ मायक्रोग्रॅम, म्हणजे मायक्रोग्रॅममागे ६ लाख कॉलन्या. नळीवर छापलेला आकडा होता १० कोटी.

तरी माझा पहिला संशय लायगेजवरच गेला. सगळ्यांचा जातो, महागडं आणि नाजूक म्हणून. पण लायगेज तपासायला पेशी लागतच नाहीत. लॅम्डा या विषाणूचा हिंड-थ्रीने कापलेला डीएनए, जो बहुतेक प्रयोगशाळांत मापपट्टी म्हणून पडलेलाच असतो, तो अर्धा मायक्रोग्रॅम घ्या, लायगेज आणि बफर घालून खोलीच्या तापमानाला अर्धा तास ठेवा, आणि लायगेज न घातलेल्या नमुन्याशेजारी ०.८ टक्के जेलवर चालवा. लायगेज जिवंत असेल तर छोटे पट्टे विरतात आणि वर, जेलच्या तोंडाशी, जाड पट्टा जमतो. पट्टे जसेच्या तसे राहिले तर लायगेजला लागणारं एटीपी ताजं, १ मिलिमोलर घालून पुन्हा करा. मग जोडलं तर लायगेज निर्दोष, बफर शिळं. हे बफर वारंवार वितळवून गोठवलं की त्यातलं एटीपी आणि डीटीटी (एन्झाइम टिकवणारं रसायन) दोन्ही खचतात, म्हणून आल्या दिवशीच १० मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्यांत वाटून ठेवावं. तळाशी पांढरं काही दिसलं तर घाबरू नका, डीटीटी असतं, हाताच्या उबेने विरघळतं.

आमचे पट्टे वर सरकले. चार दिवस उकाड्यात काढून लायगेज जिवंत होतं. मेला होता तो पेशींचा जोर.

यात नवल नाही. एन्झाइम ग्लिसरॉलमध्ये निजलेलं असतं, थोडी ऊब सोसतं. काँपिटंट पेशी म्हणजे कॅल्शियमने आवरणं ढिली केलेले, अर्धमेले जिवाणू. उणे ८०वरून उणे २०वर आणून परत ठेवल्या तरी जोर पुष्कळ उतरतो, पूर्ण वितळल्या तर विषयच संपला. वाढायला त्या वाढतात, आणि तिथेच माणूस फसतो: अँपिसिलिन नसलेल्या प्लेटवर दाट थर येतो, ‘पेशी जिवंत आहेत की’ असं वाटतं. जिवंत असणं वेगळं आणि डीएनए आत घेण्याजोगं असणं वेगळं.

आता भरपाईचं. पुरवठादाराकडे कुरिअरची पोच होती: शुक्रवार, १६:१५, फाटकावरची सही. आमच्याकडे शिक्का होता मंगळवारचा. चलानावर ‘माल सुस्थितीत मिळाला’ हे छापील वाक्य, त्याखाली सही, शेरा काही नाही. पुरवठादाराच्या जागी मी असते तर मीही पैसे दिले नसते. स्टोअरचं म्हणणं, आमच्याकडे आला तेव्हा मंगळवार होता. आवकचं म्हणणं, आमची वेळ चारपर्यंत. हिशेब तपासणाऱ्यांचं म्हणणं, तोच माल दोन महिन्यांत पुन्हा का? मग त्यावर खुलासा, खुलाशावर शेरा, पुन्हा तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची बैठक. एका कोटेशनवर जीएसटीचा आकडा वेगळा मांडलेला नव्हता म्हणून तक्ता परत आला. सात आठवडे. आणि दुसरं खोकं निघालं त्या दिवशी हिंदमाताला पाणी भरलेलं.

या खिडकीपुढे काय करता येतं, ते सांगते. खरेदी आदेशातच एक ओळ टंकून घ्या: ‘माल फक्त सोमवार ते बुधवार, सकाळी ११ ते ३ या वेळेत पोचवावा, पाठवण्याआधी एक दिवस दूरध्वनी करावा.’ आदेशात असलेली ओळ पुरवठादार पाळतो, तोंडी सांगितलेली विसरतो. विभागप्रमुखांच्या सहीचं एक कायमचं पत्र आवककडे आणि दुसरं फाटकावर देऊन ठेवा, की शीतसाखळीचा माल आधी प्रयोगशाळेत जाईल आणि नोंद नंतर चलानावरून होईल. हे पत्र मागितलं की पंधरा मिनिटांत मिळतं, फक्त ते मागायचं असतं हे कोणी सांगत नाही. फाटकावरच्या रखवालदाराला तुमचा नंबर द्या. खरं सांगायचं तर पत्रापेक्षा याचाच उपयोग जास्त झाला. खोकं हातात आलं की सहीआधी उघडा, ड्राय आइस किती उरलाय ते चलानावर पेनने लिहा आणि फोटो काढा. तक्रार त्याच दिवशी ईमेलने. ड्राय आइस बंद खोलीत किंवा लिफ्टमध्ये उघडू नका, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरू तर मुळीच नका. त्याचा वायू होतो आणि डबा फुटतो.

पण खरी सुटका पेशी घरी करण्यात आहे. दुसऱ्या खोक्याची वाट पाहताना त्या केल्या, आणि खोकं आलं तेव्हा गरजच उरली नव्हती. डीएच५-अल्फा या ई. कोलायच्या जातीची १०० मिलिलिटर वाढ ३७ अंशांवर घ्या आणि ६०० नॅनोमीटरला घनता ०.३५ ते ०.४ झाली की थांबवा. ०.६ होऊ दिलीत तर मेहनत वाया. बर्फात २० मिनिटं, मग ४ अंशांवर ३,००० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या ३,००० पट जोराने) १० मिनिटं फिरवून खाली बसवा. थंडगार ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइडच्या २० मिलिलिटरमध्ये हलक्या हाताने मिसळा, अर्धा तास बर्फात, पुन्हा फिरवा. शेवटी १५ टक्के ग्लिसरॉल घातलेल्या त्याच द्रावणाचे २ मिलिलिटर. घाई नसेल तर ग्लिसरॉलआधी त्या १२ ते २४ तास बर्फावरच ठेवा, जोर काही पटींनी वाढतो. मग ५० मायक्रोलिटरच्या नळ्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकून लगेच उणे ८०ला. काचेच्या भांड्यांवर साबणाचा अंश राहिला तर सगळं बिघडतं, म्हणून या कामाची भांडी वेगळी ठेवा आणि नुसत्या पाण्याने धुवा. आमचं बर्फाचं यंत्र नेमकं बंद होतं. कोपऱ्यावरच्या कोळीणमावशीकडून दोन किलो चुरा आणला, थोडं पाणी घातलं, शून्य अंश ते शून्य अंशच. वास मात्र दिवसभर राहिला.

या पेशींनी मायक्रोग्रॅममागे सुमारे १ कोटी कॉलन्या दिल्या. छापील आकड्याच्या दहावा भाग, आणि एका तुकड्याच्या जोडणीला पुरेशा.

५० मायक्रोलिटर पेशींत जोडणीचे २ मायक्रोलिटर, बर्फात ३० मिनिटं, ४२ अंशांवर मोजून ४५ सेकंद, परत बर्फात २ मिनिटं, ९५० मायक्रोलिटर एसओसी हे पोषक द्रावण, तासभर ३७ अंशांवर हलवत. प्लेटमध्ये अँपिसिलिन मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम, तेही आगर ५० अंशांच्या आसपास उतरल्यावरच. सोळा तासांत प्लेट बाहेर काढा. जास्त ठेवलीत तर खऱ्या कॉलनीभोवती बारीक पिल्लं उगवतात. कॉलनीने सोडलेलं एन्झाइम आसपासचं अँपिसिलिन खाऊन टाकतं आणि बिनप्लाझ्मिडवाल्यांचं फावतं. निवडताना पिल्लं घेऊ नका.

पांढऱ्या १४ कॉलन्यांपैकी ११मध्ये एम१३ प्रायमरने (हे प्लाझ्मिडवर जनुकाच्या दोन्ही बाजूंना बसतात) ८००च्या आसपास पट्टा आला. रिकाम्या प्लाझ्मिडचा शंभर-दीडशेचा येतो. पांढरी कॉलनी हिरवी चमकली नाही म्हणून टाकू नका: जनुक प्लाझ्मिडवरच्या लॅक-झेड जनुकाच्या वाचनचौकटीत (तीन-तीन अक्षरांच्या गटांत) बसलं नाही तर ते असूनही दिसत नाही. सिक्वेन्सिंग दोन्ही बाजूंनी करा, एका बाजूने ७००-८०० अक्षरंच स्वच्छ येतात आणि सुरुवातीची तीस-चाळीस गढूळ. आमची दोन क्लोन बिनचूक निघाली.

त्यांची ५०० मायक्रोलिटर वाढ, तितकंच ५० टक्के ग्लिसरॉल, उणे ८०ला दोन वेगवेगळ्या फ्रीझरांत. नाव झाकणावर नको, नळीच्या अंगावर लिहा. झाकणं बदलतात, आणि अल्कोहोलचा हात लागला की मार्करची शाई जाते. दुसऱ्या खोक्यातल्या दहा नळ्या अजून न उघडता पडून आहेत. त्यांच्यावर शिक्का मात्र त्याच दिवशीचा आहे.