तीन संस्था, एक ऑफिस: जागा मिळाली, बँकेत अडकलो

दोन-तीन छोट्या संस्थांनी मिळून पुण्यात ऑफिस घेतलं म्हणलं की सगळे भाड्याचंच विचारतात. भाड्याचं जमतं हो. खरा त्रास पत्त्याचा, म्हणजे तिन्ही संस्था याच जागेत बसतात हे प्रत्येकीच्या कागदावर चढवून घेण्याचा. तो आम्हाला आधी कुणी सांगितला नव्हता म्हणून लिहितेय.

आमचा ट्रस्ट बांधकाम मजुरांच्या मुलांचे अभ्यासवर्ग चालवतो. दुसरी संस्था बायकांना कायद्याचा सल्ला देते, तिसरी समुपदेशन करते. बाणेर, विमाननगरचे को-वर्किंगवाले (तयार ऑफिसातली जागा भाड्यानं देणारे) बघितले, पण भाड्यावर १८ टक्के जीएसटी आणि आपली जीएसटी नोंदणी नाही म्हणजे तो सरळ खर्चातच जातो. शिवाय जनता वसाहतीसारख्या वस्तीतून आलेली बाई गार्डच्या रजिस्टरात नाव-नंबर लिहून, काचेच्या केबिनमध्ये बसून घरातल्या मारहाणीबद्दल बोलेल का? नाही बोलणार. म्हणून पेठेतच हवं होतं, पीएमपी बसचा स्टॉप आणि मंडईचं मेट्रो स्टेशन चालत गाठता येईल असं.

सदाशिव पेठेत एका जुन्या ट्रस्टचा अख्खा मजला रिकामा होता. पण ट्रस्टची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायची तर सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, त्या धास्तीनं विश्वस्त अकरा महिन्यांच्या पुढे बोलेचनात, आणि दर अकरा महिन्यांनी तीन संस्थांचा पत्ता बदलत बसणं कुणालाच परवडणारं नव्हतं. मग नारायण पेठेतले काका भेटले. पहिला मजला, तीन खोल्या, एका खोलीला दार नीट लागतं (समुपदेशनासाठी तेच बघायचं होतं). काकांची काळजी महापालिकेच्या टॅक्सची होती, स्वतः राहत असलेल्या घराला मिळकत करात ४० टक्के सवलत असते ती जाणार, वर ऑफिस म्हणून आकारणी वाढणार. वाढलेला टॅक्स आणि लाईटच्या मीटरचा फरक आम्ही भरू असं करारातच लिहून दिलं तेव्हा ते तयार झाले. तुम्हीही हे तोंडी ठेवू नका.

लीव्ह अँड लायसन्सचं, म्हणजे भाडेकराराच्या नोंदणीचं, काम एका दुपारी झालं, एजंट थंबचं मशीन घेऊन घरीच आला. स्टॅम्प ड्युटी कराराच्या एकूण रकमेच्या पाव टक्का, नोंदणी फी १००० रुपये. आमच्या सीए ताईंनी एक गोष्ट ठामपणे सांगितली ती सोन्यासारखी निघाली: करार एकीच्या नावानं करून बाकीच्यांकडून पैसे गोळा करायचे नाहीत. तिघींची नावं लायसेन्सी (जागा वापरायला घेणारे) म्हणून घालायची आणि प्रत्येकीनं आपला वाटा आपल्या खात्यातून थेट मालकाला द्यायचा. म्हणजे पोटभाडेकरूचा प्रश्न येत नाही आणि कुणाच्या हिशोबात भाड्याचं उत्पन्न दिसत नाही. आमच्यातल्या एकीला एफसीआरए (परदेशी देणग्या घ्यायची सरकारी नोंदणी) आहे, तिच्यासाठी तर हे फारच महत्त्वाचं, कारण २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही. भाडं प्रशासकीय खर्चात धरलं जातं आणि त्याला परदेशी निधीच्या २० टक्क्यांची मर्यादा आहे, तेही आधीच मोजून घ्या.

आणि मग बँक. नाव लिहीत नाही. पत्ता बदलायचा अर्ज, विश्वस्तांचा ठराव, नोंदलेला करार, लाईट बिल, सगळं लावून दिलं. काउंटरवरच्या साहेबांनी कराराचं पान उलटलं, 'लायसेन्सी क्र. २' खाली पेन्सिलनं रेघ मारली आणि विचारलं, एका पत्त्यावर तीन संस्था कशा काय? समजावून सांगितलं. फाईल वर पाठवतो म्हणाले. मग व्हेरिफिकेशनला माणूस आला तो नेमका आम्ही सगळे वर्गावर असताना. खाली बोर्ड नव्हता कारण सोसायटीनं परवानगी दिली नव्हती, समोरच्या आजींना फक्त 'वकील मॅडम' माहीत, त्यामुळे रिपोर्ट गेला की अशी संस्था इथे नाही. परत अर्ज, परत तीच कागदपत्रं, दर वेळी खुर्चीवर नवीन माणूस आणि पहिल्यापासून तीच गोष्ट. लाईट बिल संस्थेच्या नावाचं आणा म्हणे! भाड्याच्या जागेचं बिल मालकाच्याच नावानं असतं हे बँकेला माहीत नाही का? इकडे एका कंपनीचा सीएसआरचा (समाजकामासाठीच्या निधीचा) हप्ता नवीन पत्त्याचं बँकेचं पत्र मिळेपर्यंत थांबलेला, आणि वर्गावरच्या ताईंचं मानधन त्याच हप्त्यातून निघायचं. त्या बायका रोज उन्हातान्हात साइटवर जातात, त्यांना 'बँकेतून पत्र आलं नाही' हे सांगताना फार वाईट वाटायचं. आजही त्या काउंटरसमोर उभं राहिलं की डोकं तापतं.

शेवटी सुटलं ते असं. काकांकडून तिन्ही संस्थांसाठी वेगवेगळी एनओसी घेतली, प्रत्येकीत त्या एकाच संस्थेचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक, कोणती खोली कुणाची तेही. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून जिन्यात छोटा बोर्ड लावला, त्याचा फोटो जोडला. आणि बँकेला लेखी विचारलं, अर्ज कोणत्या नियमानं नाकारताय ते लेखी द्या. सोबत तक्रार नोंदवून नंबर घेतला, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाऊ असं स्पष्ट लिहिलं. त्यानंतर व्हेरिफिकेशनवाला फोन करून आला, बोर्ड बघितला, चहा घेतला, आणि पत्ता बदलला. इतकी साधी गोष्ट होती ती. पत्र हातात आलं तेव्हा मी बँकेच्या पायरीवरूनच वर्गावरच्या ताईंना फोन केला.

बँकेच्या नादात बाकीचं विसरू नका. धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदल कळवायचा अर्ज) बदलापासून ९० दिवसांत द्यावा लागतो, उशीर झाला तर माफीचा वेगळा अर्ज करावा लागतो. एफसीआरए असेल तर पत्ता बदलाचा एफसी-६ए फॉर्म ४५ दिवसांत. म्हणजे ठरावाची तारीख विचार करून टाका, कारण लोक त्यावरूनच दिवस मोजतात. पॅनवरचा पत्ताही बदला.

हो, आणि पत्रपेटीवर तिन्ही नावं लावा, नोटिसा अजून पोस्टानं येतात आणि नाव दिसलं नाही की पोस्टमन परत नेतो.

आता चौथी एक संस्था विचारतेय, आठवड्यातून दोन दुपारी छोटी खोली हवी आहे. नुसतं बसायचं असेल तर या म्हणलंय. पण त्यांना पत्ता वापरायचा असेल तर काकांशी बोलून त्यांचं नाव घालून नवीन करार करू, त्याशिवाय नाही.