तुम्ही विचारलंत म्हणून : उंचावरची कोरडी हवा आणि घरापुढची हिरवळ

उंचावरच्या कोरड्या प्रदेशात घरापुढे हिरवळ राखणाऱ्याला जो प्रश्न हमखास विचारला जातो, तो मलाही अनेकांनी विचारला आहे : “या गवताला तुम्ही रोज किती पाणी घालता?” रोज घालत नाही, असे उत्तर दिले की ऐकणाऱ्याचा त्यावर विश्वास बसत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

उंचीवर हवा विरळ असते, तिच्यात बाष्प कमी असते आणि ऊन अधिक तीव्र असते. दर हजार मीटरमागे अतिनील किरणांची तीव्रता साधारण दहा टक्क्यांनी वाढते. त्यात वारा असला की पानांमधून आणि मातीतून पाणी झपाट्याने उडून जाते. ऐन उन्हाळ्यात थंड हवामानातल्या नेहमीच्या लॉनला दिवसाला ५ ते ६ मिलिमीटर पाणी लागते. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर, तेव्हा १०० चौरस मीटरच्या हिरवळीला दिवसाला ५०० ते ६०० लिटर झाले. हा आकडा पाहिल्यावर, किती पाणी घालावे याआधी किती जागेत गवत असावे हे ठरवणे भाग पडते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर वसलेल्या अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने १९८१ मध्ये कमी पाण्यात बाग राखण्याची ‘झेरिस्केप’ ही कल्पना मांडली, तिच्यातही गवताला बंदी नाही. ते वापरात येईल तेवढ्याच जागी लावावे, इतकेच तिचे सांगणे आहे. माझेही मत तेच आहे. मुले खेळतात, माणसे बसतात, तेथे हिरवळ असावी. उतारावर, भिंतीलगतच्या अरुंद पट्ट्यात किंवा केवळ शोभेसाठी ती वाढवण्यात अर्थ नाही.

आता पाण्याकडे येतो. वर सांगितलेले पाणी रोज थोडे थोडे शिंपडले, तर वरची दोन-तीन सेंटिमीटर माती ओली होते, मुळे तेवढ्यातच पसरतात आणि एखादा दिवस पाणी चुकले की गवत माना टाकते. तेच पाणी तीन-चार दिवसांनी एकदम दिले, तर ते १५ सेंटिमीटरपर्यंत उतरते आणि मुळे त्याच्या मागोमाग खाली जातात. चिकणमातीत एवढे पाणी एका दमात जिरत नाही, वाहून जाते. म्हणून थोडा वेळ द्यावे, तासभर थांबावे आणि पुन्हा द्यावे. माती कुठवर भिजली हे पाहायला लांब स्क्रू ड्रायव्हर पुरतो : ओल्या मातीत तो सहज शिरतो, कोरडी लागली की अडतो. तुषार सगळीकडे सारखे पडतात की नाही, हे सरळ कडांचे चार-पाच डबे ठिकठिकाणी ठेवून मोजता येते. एरवी ज्याला रोग समजून औषध मारले जाते, तो पिवळा डाग अनेकदा तुषार न पोहोचणारा कोपरा असतो. गवत करडे-निळसर दिसू लागले आणि चालल्यावर पावलांचे ठसे तसेच राहिले, की पाण्याची वेळ झाली असे समजावे. पाणी पहाटे द्यावे, कारण तेव्हा वारा कमी असतो.

गवत कोणते, याचे उत्तर उंची आणि मातीची खोली यांवर ठरते. केंटकी ब्लूग्रास पाणी अधिक पिते, पण जमिनीखालच्या खोडांमुळे मोकळी जागा स्वतः भरून काढते. टॉल फेस्क्यूची मुळे खोल जातात, म्हणून त्याची शिफारस होते. मात्र खाली हातभर माती नसून मुरूम असेल, तर त्या मुळांना जायला जागाच उरत नाही. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानातले बफेलो ग्रास आणि ब्लू ग्रामा ही खरी काटक गवते आहेत, पण ती उशिरा हिरवी होतात आणि पहिल्या कडक थंडीतच तपकिरी पडतात. त्यातही बफेलो ग्रास २,००० मीटरच्या वर फारसे रमत नाही. ब्लू ग्रामा तग धरते. आपली ओळखीची हरळी कडाक्याच्या हिवाळ्यात टिकेल, या भरवशावर राहू नये.

अशा भागांतली माती बहुधा चुनखडीची आणि विम्ल (अल्कधर्मी) असते. सामू (पीएच) साडेसातच्या वर गेला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. शिरा हिरव्या राहतात आणि बाकीचे पान पिवळे पडते. ते पाहून पाणी वाढवले, की पिवळेपणा आणखी वाढतो. साधे फेरस सल्फेट अशा मातीत लवकर निकामी होते, चिलेटेड, म्हणजे सेंद्रिय संयुगात बांधलेले लोह त्यापेक्षा टिकते. पेरणीपूर्वी चांगले कुजलेले कंपोस्ट १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत मिसळून घ्यावे, कारण ही संधी पुन्हा मिळत नाही.

ज्याबद्दल कोणी विचारत नाही, तो खरा घातक काळ हिवाळ्याचा. बर्फाचे पांघरूण असते तोवर गवत सुरक्षित असते. परंतु बर्फाविना कोरडे वारे आठवडेच्या आठवडे वाहिले, तर सुप्त गवताचे बुडखे वाळून मरतात आणि ते कळते थेट वसंतात. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या उतारांवर हे आधी होते, आणि याच कोरड्या, उबदार जागी हिवाळी कोळीही (माइट, म्हणजे अगदी बारीक किडे) गवताचा रस शोषतात. म्हणून महिन्यातून एखादा दिवस, तापमान ५ अंशांच्या वर गेलेले आणि जमीन गोठलेली नसताना, दुपारी पाणी द्यावे. नळी नंतर रिकामी करून ठेवावी.

कापणीबाबत थोडक्यात : गवत ६ ते ८ सेंटिमीटर उंच ठेवावे, एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये आणि कापलेले तेथेच पडू द्यावे, त्यातून नत्र परत मिळते. थंड हवामानातल्या गवताला मुख्य खत उन्हाळा सरल्यावर द्यावे.

आणि पाणीच तोडले गेले तर? ब्लूग्रासला तपकिरी होऊ द्यावे. ते मेलेले नसते, झोपलेले असते. दर दोन-तीन आठवड्यांनी बुडख्यांपुरती ओल मिळाली तरी थंडावा येताच ते पुन्हा फुटते. त्या काळात त्यावर खत टाकू नये, यंत्र फिरवू नये आणि शक्यतो चालूही नये.