तुम्ही विचारलंत म्हणून: मोहनम म्हणजे आपला भूपच ना?

पुण्यात कुणाकडे जेवायला गेले की वरणभातापासून मठ्ठ्यापर्यंत कधीतरी हा प्रश्न येतोच. मोहनम हा दक्षिणेकडच्या कर्नाटक संगीतातला राग, भूप आपल्या हिंदुस्थानी संगीतातला. नुसते स्वर मोजायचे तर हो, भूपच. सा रे ग प ध, पाचही शुद्ध, मध्यम-निषाद नाहीत. पण त्या हिशेबानं याच पाच स्वरांचा देसकार रागही भूपच ठरतो, आणि तसं म्हणालात तर जाणकार ताटावरून उठून जातील.

चेन्नईला राहायला गेले तेव्हा माझाही हाच समज होता. मैलापूरच्या मामींना (तिकडे गाणं शिकवणाऱ्या बाईंना सर्रास मामीच म्हणतात) पहिल्याच दिवशी ऐटीत सांगितलं, "भूप येतो मला." त्यांना वाटलं, भूपाळम. तो तिकडचा पहाटेचा राग, त्यात रे, ग, ध तिन्ही कोमल! मी गायला लागले तशा त्या हसल्या. "अगं, हे तर मोहनम!"

मग मला चिल्ल्यापिल्ल्यांच्या रांगेत बसवून 'वरवीणा मृदुपाणि' हे गीतम (नवशिक्यांना शिकवतात ती छोटी रचना) सुरू केलं. ग ग पा पा, ध प सां सां. दोन मिनिटांचं काम, असं मला वाटलं. रिषभावरच अडले. माझा रे ताटात ठेवलेल्या मोदकासारखा जागच्या जागी. मामींचा रे झोक्यावर बसलेला. हा झोका, म्हणजे गमक, आपल्याकडेही आहे, पण तिकडे तो वरून घालायचा दागिना नाही; तो काढला तर स्वरच उघडा पडतो.

धैवताची गोष्ट वेगळीच. भूप शिकताना ध वर रेंगाळलं की गुरुजींची भुवई चढायची: देसकार दिसतोय. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, ग; देसकाराचा ध. एक रात्रीचा, दुसरा सकाळचा. मधलं कुंपण ओलांडायचं नाही, हे अंगात इतकं मुरलेलं की मोहनममध्येही मी ध ला शिवून पळायचे. मामींना कळेना. "तिथून का पळतेस? बस की जरा!" त्यांच्या अंगणात कुंपणच नव्हतं. ग वर थांबा, ध वर थांबा, सकाळी गा, रात्री गा, मोहनम तो मोहनमच. माझ्या मते भूप आणि मोहनम यांतला खरा फरक हा. झोका सरावानं जमला, पण ध वर निर्धास्त बसायला मला दोन वर्षं लागली.

परवा पुण्यातल्या घरगुती बैठकीत भूप गायले. धैवतावर जरा जास्तच वेळ बसले असणार. तबलजींनी मान वर करून बघितलं.