हॅटट्रिकमध्ये खेळाडूचे प्रशिक्षण कुठे थांबवावे

१९९७ साली स्वीडनमध्ये सुरू झालेला हॅटट्रिक हा ब्राउझरवरचा फुटबॉल व्यवस्थापनाचा खेळ मी गेली बरीच वर्षे मन लावून खेळतो आहे. यात सामना आपण खेळत नाही. संघ निवडायचा, डावपेच ठरवायचे, जमाखर्च सांभाळायचा आणि आठवड्यातून एकदा लागणाऱ्या प्रशिक्षणाच्या निकालाची वाट पाहायची. कोणता खेळाडू विकत घ्यावा आणि त्याला काय शिकवावे, यावर जाणकार भरभरून बोलतात. शिकवणे कधी थांबवावे, हा प्रश्न त्या मानाने मागे पडतो, आणि मधल्या श्रेणीतल्या अनेक संघांचे घोडे माझ्या मते नेमके इथेच अडते.

हॅटट्रिकमध्ये संपूर्ण संघाला एका आठवड्यात एकाच प्रकारचे प्रशिक्षण देता येते, आणि त्याचा लाभ योग्य जागेवर प्रत्यक्ष सामना खेळलेल्यालाच होतो. प्लेमेकिंग, म्हणजे मधल्या फळीतून खेळ रचण्याचे कौशल्य निवडले, तर पूर्ण लाभ मैदानाच्या मध्यभागी खेळणाऱ्या तीन मिडफिल्डरना मिळतो, कडेने खेळणाऱ्या विंगरना निम्मा. आठवड्यात लीगचा एक आणि चषकाचा किंवा मैत्रीपूर्ण असा दुसरा, म्हणजे सामने दोन. त्यामुळे पूर्ण लाभाच्या जागा होतात ६. प्रशिक्षक कितीही निष्णात नेमला, तरी प्रगतीचा वेग वाढतो, जागा वाढत नाहीत. संघाची खरी पुंजी बँकेतल्या रकमेपेक्षा या ६ जागा आहेत असे मी मानतो, आणि पुढचा सगळा विचार त्यातूनच निघतो.

वय वाढते तशी प्रगती मंदावते, आणि कौशल्याची पातळी जितकी वर जाते तितका पुढच्या पातळीला अधिक वेळ लागतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असल्यामुळे पहिल्या दोन हंगामांत झपाट्याने वर जाणारा मुलगा नंतर रेंगाळल्यासारखा वाटू लागतो. चांगला प्रशिक्षक आणि प्रशिक्षणाची पूर्ण तीव्रता असेल, तर १७ वर्षांचा मिडफिल्डर सातव्या पातळीवरून आठव्या पातळीवर साधारण चार-पाच आठवड्यांत पोहोचतो. तोच २१-२२ वर्षांचा झाल्यावर अकरावीतून बारावीत जाण्यासाठी जवळपास दुप्पट वेळ घेतो. तो अजूनही सुधारत असतोच. म्हणूनच ‘याची प्रगती थांबली का’ या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. विचारायचे ते हे, की याच जागेवर एखादा १७ वर्षांचा मुलगा बसवला, तर तेवढ्याच आठवड्यांत संघाच्या मालमत्तेत किती भर पडेल. उत्तर मोठ्या खेळाडूच्या विरोधात जाऊ लागले, की त्याची जागा रिकामी करण्याची वेळ आली असे समजावे.

पगाराचा हिशेब याहून कठोर आहे. खेळाडूचा पगार दर आठवड्याला बदलत नाही, तो त्याच्या वाढदिवसाला नव्याने ठरतो, आणि हॅटट्रिकमधले एक वर्ष १६ आठवड्यांचे असते. मुख्य कौशल्य वरच्या पातळ्यांवर गेले, की प्रत्येक पायरीला पगाराची उडी आधीच्या उडीपेक्षा मोठी होत जाते; परदेशी खेळाडूला त्यावर आणखी २० टक्के द्यावे लागतात. सध्या माझ्या संघात असाच एक मिडफिल्डर आहे. प्लेमेकिंग बाराव्या पातळीवर, पासिंग जेमतेम सहाव्यावर, आणि वाढदिवस तोंडावर आलेला. त्याला प्लेमेकिंगची तेरावी पातळी मिळवून दिली, तर मधली फळी थोडी भक्कम होईल, पण पुढचे १६ आठवडे त्या एका पायरीची किंमत दर आठवड्याला मोजावी लागेल. त्याऐवजी पासिंग दोन-तीन पायऱ्या वाढवले, तर आक्रमणात त्याचा उपयोग वाढतो आणि पगार त्या मानाने बराच कमी वाढतो, कारण पगारावर सर्वांत जास्त भार मुख्य कौशल्याचा असतो. मी पासिंग निवडले.

थांबवणे म्हणजे नेहमी विकणे नव्हे, हे यातून लक्षात येईल. मुख्य कौशल्य थांबवून दुय्यम कौशल्याकडे वळणे हा बहुतेक वेळा सर्वांत शहाणपणाचा मार्ग असतो. पासिंगच्या प्रशिक्षणात मिडफिल्डर, विंगर आणि फॉरवर्ड या सर्वांना लाभ होत असल्याने जागांची टंचाईही कमी होते. डिफेंडिंगचे मात्र तसे नाही. ते शिकवायचे तर मिडफिल्डरला बचावफळीत खेळवावे लागते आणि त्या काळात मधली फळी उघडी पडते, म्हणून मी ते हंगामाच्या मध्यावर कधीच सुरू करत नाही. प्रशिक्षणाचा प्रकार बदलला की तो सगळ्यांसाठीच बदलतो, त्यामुळे ६ जागांवरचे खेळाडू शक्यतो एकाच वयाचे आणि एकाच पातळीच्या आसपासचे असावेत, असा माझा आग्रह आहे. एक १७ वर्षांचा आणि एक २३ वर्षांचा असा संसार मांडला, की कोणासाठी थांबावे आणि कोणासाठी चालू ठेवावे, याचा निर्णय दर आठवड्याला नव्याने घ्यावा लागतो.

विकायचेच ठरले असेल, तर ते वाढदिवसाच्या पुरेसे आधी करावे. खरेदीदार वयाच्या वर्षांवर गाळणी लावून शोध घेतात. २१ वर्षे आणि ९० दिवसांचा खेळाडू ज्या यादीत दिसतो, त्या यादीत २२ पूर्ण केलेला दिसत नाही, मग दोघांची कौशल्ये अगदी सारखी असली तरी. लिलाव तीन दिवस चालतो, त्यामुळे शेवट कोणत्या वेळी येतो तेही पाहावे. हॅटट्रिक खेळणारे पुष्कळ लोक युरोपात असल्याने भारतातली मध्यरात्र उलटल्यावर संपणारा लिलाव त्यांच्या संध्याकाळच्या वेळेत संपतो आणि बोली लावायला माणसे जागी असतात.

या सगळ्या हिशेबाला मी एकच अपवाद मानतो. हॅटट्रिकमधल्या कनिष्ठ राष्ट्रीय संघाच्या दाराशी पोहोचलेला खेळाडू हाताशी असेल, तर पगार आणि बाजारभाव बाजूला ठेवून त्याचे मुख्य कौशल्य वयाची मर्यादा संपेपर्यंत मी वाढवतच राहतो. भारताकडून हा खेळ खेळणारे थोडे आहेत, आणि त्या संघासाठी असा मुलगा घडवणारा व्यवस्थापक सहज मिळत नाही.