अल्मालिनक्स १० घरच्या लॅबमध्ये: बूटसीची कसोटी

मंडळी, अल्मालिनक्स १०, म्हणजे रेड हॅटच्या लिनक्सशी जुळणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, आता घरच्या दोन्ही मशीनवर चालू झाली.

जुन्या मशीनचं आधी. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून सेकंडहँड घेतलेला तिसऱ्या पिढीचा आय५. मे २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० ने प्रोसेसरची किमान पातळी एक्स८६-६४-व्ही३ केली, म्हणजे एव्हीएक्स२ (प्रोसेसरमधला एक सूचनासंच) हवंच, आणि इंटेलमध्ये ते २०१३ च्या हॅसवेलपासून आलं. अल्माने मात्र व्ही२ या आधीच्या पातळीसाठी वेगळं बिल्ड दिलंय, एपेल या जादा सॉफ्टवेअरच्या भांडारातली पॅकेजेससुद्धा. इंदुरात जुनं सामान जमवून लॅब उभी करणाऱ्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. मशीन घेण्याआधी एलएससीपीयू या कमांडने दाखवलेल्या प्रोसेसरच्या फ्लॅग्जमध्ये एव्हीएक्स२ दिसतंय का ते बघून घ्या.

इन्स्टॉलरमध्ये दुरून स्क्रीन बघण्यासाठी व्हीएनसी जाऊन आरडीपी आलंय. मॉनिटर न जोडता लॅपटॉपवरून काम झालं.

आता खरी मजा: इमेज मोड. अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम कंटेनरफाइलमध्ये (इमेजमध्ये काय काय हवं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) लिहायची, पॉडमन या कंटेनरच्या साधनाने तिची इमेज बांधायची, बूटसी या साधनाने ती मशीनवर उतरवायची. मी इमेज लॅपटॉपवर बांधतो आणि जुन्या मशीनवरच्या रजिस्ट्रीत (इमेज साठवायच्या जागी) ढकलतो. तिथून नवं मशीन ती उचलतं. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून 'बूटसी अपग्रेड' चालू असताना मुद्दाम प्लग उपटला. मशीन शांतपणे जुन्या इमेजवर उठलं. नवी इमेज बाजूला पूर्ण तयार होईपर्यंत चालू सिस्टिमला हातच लागत नाही, आणि बदल होतो तो रीबूटलाच. डीएनएफचा (नेहमीच्या पॅकेज मॅनेजरचा) अपडेट असा मध्येच तुटला की अर्धी पॅकेजेस नवी, अर्धी जुनी. मग बसा निस्तरत.

रोलबॅकही, म्हणजे आधीच्या इमेजवर परत जाणंही, करून पाहिलं. इथे नीट लक्ष द्या. नव्या इमेजवर बूट झाल्यावर सांबाच्या (फाइल शेअरिंगच्या सॉफ्टवेअरच्या) कॉन्फिगमध्ये फोटोंसाठी एक शेअर हाताने जोडला होता. 'बूटसी रोलबॅक' करून रीबूट केल्यावर तो शेअर दिसेना, कारण कॉन्फिगचं ईटीसी फोल्डर प्रत्येक डिप्लॉयमेंटचं (मशीनवर उतरवलेल्या प्रत्येक इमेजचं) वेगळं असतं. फोटो मात्र जागच्या जागी, कारण डेटाचं व्हार फोल्डर दोघांत सामाईक. ह्याची दुसरी बाजू डेटाबेसला लागू होते. नव्या ॲप्लिकेशनने टेबलांची रचना बदलली असेल, तर रोलबॅकनंतर जुन्या ॲप्लिकेशनसमोर नवा डेटा येतो. म्हणून अपग्रेडआधी पोस्टग्रेस या डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) घेणं मी सक्तीचं केलंय, आणि सांबाचं कॉन्फिग आता कंटेनरफाइलमधूनच जातं.

आपोआप अपडेट करून रीबूट करणारा टायमरही मास्क केलाय, म्हणजे पूर्ण बंद केलाय. घरातले सगळे फोटो बघत बसलेले असताना सर्व्हर उठून रीबूट झालेला मला चालणार नाही.

पुढच्या खेपेला डंप घ्यायचं काम सिस्टिमडीच्या (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये घालून तेही इमेजमध्येच बसवणार आहे. कुणी आधीच केलं असेल तर आपलं युनिट नक्की दाखवा.